बंद मोटरची शीळ

फ्रिज भिंतीपासून ओढून स्वयंपाकघराच्या मधोमध आणलेला होता आणि त्याच्या मागे मिस्त्री मांडी घालून बसला होता. डोक्यावर लोकरीची टोपी, कारण केस गेले होते. हातात लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक कॉम्प्रेसरच्या काळ्या डब्याला टेकवलेलं, मूठ कानामागच्या हाडाला. डोळे मिटलेले, तोंड अर्धवट उघडं.

“अहो, दूध केव्हाचं बाहेर आहे,” बायको म्हणाली.

“श्श.”

“श्श काय? नासलं तर त्या दुधासमोर बसून श्श करा.”

“शीळ घालतोय हा.”

“कोण?”

“फ्रिज. बारीक आणि लांब. तुला ऐकू येत नाही?”

बायकोने ओले हात पुसत कान दिला. तिला फ्रिजची रोजची घरघर ऐकू आली. खाली रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर ओढलं, तेही ऐकू आलं. शीळ काही ऐकू आली नाही.

“मला तर काही येत नाही.”

“तुला काय ऐकू येणार! मी घोरतो ते तरी येतं का?”

“ते ऐकून ऐकूनच मेलेत माझे कान.”

एरवी मिस्त्री अशा उत्तराला दाद देऊन मोकळा झाला असता. आज त्याच्या कपाळावरची आठी हलली नाही. आधी त्याला पंख्याचा संशय आला होता, म्हणून पंखा उतरवला, बेअरिंग बदललं, परत चढवला. मग भिंतीवरच्या घड्याळाची बॅटरी काढून ठेवली. नंतर शेजाऱ्यांच्या पाण्याच्या पंपावर संशय घेतला आणि जिन्यात उभा राहून त्यांच्याशी हुज्जत घातली. शेजारी गोंधळून गेला. त्याचा पंप महिनाभर बंदच होता. आता पाळी फ्रिजची. शीळ मात्र जशीच्या तशी.

मिस्त्रीचं अख्खं आयुष्य या कानावर चाललं होतं. मोटर दुरुस्तीचं दुकान, एका लांबट गाळ्यात. पुढे काउंटर, मागे तेलाने काळं झालेलं लाकडी बाकडं, भिंतीला तांब्याच्या तारेची रिळं, आणि सगळीकडे वार्निशचा उग्र वास. लोक पाण्याचे पंप आणत, कारखान्यांतले हवा फेकणारे ब्लोअर आणत, कपडे वाळवायच्या यंत्रांच्या मोटरी आणत. दुसरे कारागीर आधी मोटर उघडायचे आणि मग आत काय बिघडलंय ते शोधायचे. मिस्त्री आधी ऐकायचा. मोटर चालू करून तिला स्क्रूड्रायव्हर टेकवायचा, कान लावायचा आणि आजार सांगायचा. ग्रीस सुकलं की बेअरिंग कुजबुजतं. आतली गोळी फुटली की जेवताना दाताखाली खडा यावा तसं करकरतं. शाफ्ट वाकला असेल तर मोटर लंगड्या माणसासारखी एका पायावर जोर देत चालते. हे त्याने इतक्या वर्षांत इतक्या वेळा खरं करून दाखवलं होतं की गिऱ्हाईक मोटर ठेवून म्हणायचं, “दुरुस्त नाही केली तरी चालेल, आधी ऐकून तर घ्या.”

“मोटर खोटं बोलत नाही,” असं तो मेहुण्याला शिकवायचा. “माणसाला विचार, तो म्हणेल, काही झालेलं नाही मला. मोटर कधी असं म्हणाली का?”

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. चाळिशीचा, पोट सुटलेला, स्वभावाने लोण्यासारखा. हात अतिशय सफाईचा, वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या आतले तारेचे वेढे, असे भरायचा की बघत राहावं. पण ऐकण्याच्या नावाने शून्य. त्याला सगळ्या मोटरी सारख्याच वाटायच्या.

“तुला कान दिलेत ते कशाला? चष्मा अडकवायला?” मिस्त्री म्हणायचा.

“भावोजी, दुकानात एकच कान पुरतो. दोन झाले तर भांडणं होतील,” असं मेहुणा म्हणायचा.

मग खोकला आला. तो जाईना म्हणून छातीचा फोटो काढला आणि फोटोत फुफ्फुसात गाठ दिसली. ऑपरेशन झालं, गाठ निघाली. पण आजूबाजूला काही रेंगाळलं असलं तर त्याचाही निकाल लावायला हवा, म्हणून डॉक्टरीणबाईंनी शिरेतून द्यायचं औषध सुरू केलं. दर काही आठवड्यांनी मिस्त्री रुग्णालयाच्या वरच्या मजल्यावर जायचा. तिथे एका मोठ्या खोलीत, खिडकीला पाठ करून, मागे कलणाऱ्या खुर्च्यांची रांग होती. प्रत्येक खुर्चीशेजारी लोखंडी दांडा, दांड्याला पिशवी, आणि पिशवीतलं औषध ठरलेल्या वेगाने सोडणारा एक छोटा पंप.

पहिल्याच दिवशी शेजारच्या खुर्चीत सोनार भेटला. उंच, वाळलेला, बोटं मात्र अजून नाजूक. त्याने मिस्त्रीच्या पिशवीवरचं नाव मान वाकडी करून वाचलं आणि भुवया उंचावल्या.

“मिस्त्री, हे काय चाललंय अंगात, माहीत आहे का?”

“औषध.”

“प्लॅटिनम आहे त्यात. सोन्याच्याही वरचं. आयुष्यभर लोकांच्या अंगावर घातलं मी. आता दोघंही अंगात घालून घेतोय.”

“तुम्हालाही हेच?”

“आधी हेच होतं. किडन्यांनी मान टाकली, म्हणून बदलून दिलं. यातही प्लॅटिनमच आहे म्हणतात. पण हलकं.” सोनाराने आवाज खाली आणला. “ज्याचा त्रास कमी, त्यात कस कमी. दागिन्यांत पन्नास वर्षं काढलीत, एवढं तर कळतं.”

मिस्त्रीला हे एकदम पटलं. त्यातून सिस्टरने त्याला आणखी एक गोष्ट सांगितली होती. पिशवी जोडताना ती बोलता बोलता म्हणाली होती, “या औषधाला ॲल्युमिनियम चालत नाही हं काका. सुईत जरी ॲल्युमिनियम असलं तरी याच्याशी झोंबतं आणि काळा गाळ धरतो.” मिस्त्रीने ते ऐकून मनातल्या मनात औषधाला सलाम ठोकला. दुसऱ्या धातूच्या अंगावर धावून जाणारा धातू! मग त्या गाठीची काय बिशाद? उलट्या झाल्या, जिभेवर नाण्याची चव बसली, जेवण जाईना, तरी तो बायकोला म्हणायचा, “काम चाललंय आत. होऊ दे.”

सिस्टर दर वेळी तेच प्रश्न विचारायची. पाणी भरपूर पिता ना? बोटांना मुंग्या? कानात आवाज? मिस्त्री सगळ्याला मान हलवून टाकायचा. कानाचं आणि छातीतल्या गाठीचं काय नातं, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

फ्रिज उघडून परत बंद केल्यावर तो पुन्हा त्या खोलीत गेला तेव्हा शीळ तिथेही होती. त्याला हायसंच वाटलं. निदान इथे तरी कारण डोळ्यांसमोर होतं.

“सिस्टर, हा पंप गेलाय. बेअरिंग शीळ घालतंय.”

सिस्टरने पंप बघितला, आकडे बघितले. “बरोबर चाललाय काका.”

“चाललाय हो, पण जास्त दिवस नाही चालणार. माझं काम आहे ते, मला कळतं.”

सिस्टरने दुसरा पंप आणून लावला. मिस्त्रीने कान तिरका केला.

“याचंही गेलंय.”

“दोन्हींचं?”

“एकाच कंपनीचा माल असेल,” सोनार शेजारून म्हणाला आणि पोट धरून हसला. सिस्टर हसली नाही. ती मिस्त्रीच्या तोंडाकडे बघत राहिली.

“काका, आवाज तुमच्या कानात तर येत नाही ना?”

“कानातच येणार ना सिस्टर, आवाज काय नाकात येतो?”

सगळी खोली हसली. सिस्टरने मात्र जाताना काहीतरी लिहून घेतलं. ती गेल्यावर सोनार हळूच म्हणाला, “सांभाळून बोला हो. कानाचं काही निघालं की औषध बदलतात. त्या पलीकडच्या खुर्चीतल्याला बदललं. मग बसा माझ्यासारखं हलकं घेत.”

मिस्त्रीचं हसू तिथल्या तिथे विरलं.

खरं काय ते कळलं एका भर दुपारी, दुकानात. अंगात थोडी ताकद आली की तो दुकानात येऊन बसायचा. मेहुण्याने एका पंपाची मोटर नवीन भरून बाकड्यावर बसवली होती आणि ती चालू होती. मिस्त्रीने सवयीने स्क्रूड्रायव्हर टेकवला, डोळे मिटले. आली शीळ. स्पष्ट, सरळ, तारेसारखी ताणलेली.

“पुढचं बेअरिंग,” तो डोळे न उघडता म्हणाला. “कितीदा सांगितलं, ठोकून बसवू नकोस. बघ कशी शीळ घालतंय.”

मेहुण्याने हातातला पाना खाली ठेवला.

“ऐकतोयस का? वाढतेय बघ.”

“भावोजी,” मेहुणा म्हणाला, “लाइट गेलीय.”

मिस्त्रीने डोळे उघडले. पंखा थांबला होता. बाकड्यावरच्या मोटरचा शाफ्ट निपचित होता. समोरच्या दुकानातला रेडिओ गप्प होता, आणि रस्त्यावर माणसं बाहेर येऊन एकमेकांना विचारत होती की तुमचीही गेली का. सगळ्या गल्लीत एकही यंत्र चालू नव्हतं. शीळ चालू होती.

“तुझी परीक्षा घेत होतो,” मिस्त्री म्हणाला आणि उठून दारात जाऊन उभा राहिला, मेहुण्याला तोंड दिसू नये म्हणून.

त्या दिवसापासून त्याचा पाय एका जागी ठरेना. घरातून दुकानात, दुकानातून घरी. खुर्चीत बसला तर गुडघा हलायचा. कोणी बोलत असलं तर बरं वाटायचं, मग तो नळ उघडा ठेवायचा, रेडिओ लावायचा, रस्त्यावरच्या खिडकीत जाऊन बसायचा. आणि एकीकडे मनात तराजू चालू. सांगितलं तर औषध बदलणार. बदललं तर हलकं मिळणार. हलक्याने आत काही उरलं तर? आणि नाही सांगितलं, तर कान? कान गेला तर तो कोण? पंखे पुसणारा एक म्हातारा. पण जीवच गेला तर कानाला काय करायचंय? इथवर आलं की तराजू परत पहिल्यापासून.

बायकोला त्याने काही सांगितलं नाही. तिला कळलं ते थर्मामीटरमुळे. औषधानंतर ताप आला तर तडक रुग्णालय गाठायचं, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं होतं, म्हणून ती रोज त्याच्या काखेत थर्मामीटर ठेवायची. मोजून झालं की थर्मामीटर बारीक आवाजात पिपाणी वाजवायचा. त्या दिवशी तो वाजला. परत वाजला, वाजून वाजून गप्प झाला. मिस्त्री काखेत धरून खिडकीबाहेर बघत बसलेला.

“वाजला की,” ती म्हणाली.

“हो, ऐकलं. राहू दे जरा, नीट मोजू दे.”

दुसऱ्या दिवशी तिने मुद्दामच स्वयंपाकघरातून बघितलं. थर्मामीटर वाजून थांबला, तिने गॅस बंद केला, ओटा पुसला, आणि मग बाहेर येऊन नुसता हात पुढे केला. तेव्हा त्याने काढून दिला.

सिस्टरने लिहून घेतलेलं डॉक्टरीणबाईंपर्यंत पोचलं होतं. त्यांनी पुढच्या औषधाआधी कान तपासून घ्यायला सांगितलं.

कान तपासायची खोली म्हणजे एका खोलीच्या आत दुसरी छोटी खोली. जाड दार, भिंतींना भोकाभोकांचे पत्रे, आणि एका बाजूला काच. काचेपलीकडे एक तरुण मुलगी यंत्रापुढे बसलेली. तिने मिस्त्रीच्या कानांवर हेडफोन बसवले, हातात एक बटण दिलं आणि समजावलं, “काका, आवाज कितीही बारीक आला तरी बटण दाबायचं. अंदाजाने दाबायचं नाही.”

दार लागलं. मिस्त्रीने आयुष्यात इतकी शांत जागा पाहिली नव्हती. आणि त्या शांततेत शीळ अशी काही उठली की त्याला घाम फुटला. काचेपलीकडे मुलगी खाली बघून काम करत होती. सुरुवातीचे जाड आवाज त्याला आले. मग आवाज येईनासे झाले. पण त्याच्या लक्षात आलं की दर थोड्या वेळाने मुलीचं उजवं कोपर किंचित खाली जातं. आयुष्यभर चालत्या यंत्राची हालचाल टिपलेला माणूस तो. कोपर खाली गेलं की त्याने बटण दाबलं. परत गेलं, परत दाबलं. मधे एकदोनदा मुद्दाम सोडून दिलं, फार हुशार दिसायला नको म्हणून.

मुलगी दार उघडून हसतच आत आली. “काका, या वयात असे कान! तरुणांनाही लाजवाल.”

“धंदाच आहे तो,” मिस्त्री म्हणाला, आणि त्याला बाहेर पडेपर्यंत तिच्याकडे बघवलं नाही.

बाहेर बायको बाकावर बसली होती. तिने ते शब्द ऐकले होते. रस्त्याला लागल्यावर चालता चालता ती म्हणाली, “थर्मामीटरची पिपाणी ऐकू येत नाही, आणि कान तरुणांना लाजवणारे. कसं काय जमवलंत?”

“काय जमवलं?”

“माझ्याशी लग्न करून जमाना झाला तुम्हाला. मला मोटर समजा हवं तर, पण मठ्ठ समजू नका.”

मग त्याने सगळं सांगितलं. शीळ, सोनार, हलकं औषध, मुलीचं कोपर. सांगताना आवाज चढत गेला, कारण बाजूने गाड्या जात होत्या आणि त्याला स्वतःचा अंदाज येईना. लोक वळून बघायला लागले.

“हळू बोला.”

“हळूच बोलतोय!”

ती थांबली आणि त्याच्या दंडाला धरून त्याला भिंतीकडे घेऊन गेली. “डॉक्टरीणबाईंना विचारायचं सोडून तुम्ही सोनाराचं ऐकलंत? उद्या दात दुखला तर कुंभाराकडे जाणार का?”

“पन्नास वर्षं धातूत काढलीत त्याने.”

“दागिन्यांत काढलीत. माणसांत नाही.” मग तिचा आवाज चिरकला. “मला तुम्ही हवे आहात. ऐकणारे मिळालात तर बरं, नाही तर मी ओरडून बोलेन. तसंही मला ओरडायलाच लागतं. पण हे चोरून नका करू.”

त्याने हो म्हटलं, डॉक्टरीणबाईंना मीच सांगतो म्हणाला. पण सांगितलं नाही; पुढचं औषध ठरल्या दिवशी तेच घेतलं, आणि शिळेला खालच्या पट्टीत आणखी एक जोडीदार मिळाला, घोंघावणारा.

त्यानंतर काही दिवसांनी मेहुणा लॉन्ड्रीवाल्या बाईची मोटर घेऊन आला. कपडे पिळून वाळवायच्या मोठ्या ड्रमची. दुरुस्त झाली होती, फक्त मिस्त्रीने ऐकायची बाकी होती.

“भावोजी, बघता का जरा? की जाऊ दे, दमला असाल.”

त्या ‘जाऊ दे’ मधली दया मिस्त्रीला झोंबली. लाइट गेली होती त्या दुपारपासून मेहुणा त्याच्याशी असाच बोलायचा, काचेचं भांडं उचलावं तसा. त्याने स्क्रूड्रायव्हर हिसकावून घेतला, टेकवला, डोळे मिटले. शीळ आणि घोंघाट. त्यांच्या मागे मोटर कुठेतरी लांब, भिंतीपलीकडे असल्यासारखी. मला ऐकू येत नाही, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं.

“पास आहे. देऊन टाक,” तो म्हणाला.

लॉन्ड्रीवाली परत आली ती हाताला पट्टी बांधून, मागे हमालाच्या खांद्यावर तीच मोटर, रस्त्यापासूनच बोलत. मिस्त्री मागे बाकड्याच्या आड बसला होता, पण तिचा आवाज बहिऱ्यालाही उठवेल असा.

“काय दुरुस्त केली रे? मोटर जाम झाली, पट्टा तुटला आणि फाडकन माझ्या हातावर! डोळ्यावर बसला असता म्हणजे? यंत्र दुरुस्त करता की माणसं मोडता?”

“चुकलं ताई,” मेहुणा म्हणाला. “घाईत दिली मी. बेअरिंग बघायचं राहिलं.”

“मिस्त्रींनी ऐकली नव्हती?”

“नाही हो. त्यांची तब्येत बरी नाही, त्यांना कशाला त्रास द्यायचा.”

“तेच म्हणते मी! त्यांनी कान लावला असता तर ही वेळ आली असती का?”

मिस्त्री उठला. बाकड्याला धरत पुढे आला.

“मी ऐकली होती,” तो म्हणाला. “मीच पास केली.”

लॉन्ड्रीवाली क्षणभर त्याच्या टोपीकडे आणि आत गेलेल्या गालांकडे बघत राहिली, आणि तिचा राग एकदम निवला. “असू द्या मिस्त्री. मेहुण्याला पाठीशी घालताय, कळतं मला. तुम्ही आजारी, तुम्ही नका मधे पडू.”

“अहो खरंच सांगतोय, मला ऐकू येत नाही!”

“बरं बरं,” ती लहान मुलाची समजूत काढावी तसं म्हणाली, आणि मेहुण्याला आणखी दोन शब्द सुनावून निघून गेली.

मेहुण्याने मोटर बाकड्यावर घेतली, उघडली. पुढच्या बेअरिंगची गोळी फुटून तिचे बारीक तुकडे ग्रीसमध्ये रुतले होते. असं बेअरिंग दाताखालच्या खड्यासारखं करकरतं. ते करकरत होतं. मोटर सांगत होती, आणि तिला कान लावून बसलेल्या माणसाने तिला पास केलं होतं. मिस्त्रीने तो फुटका तुकडा बोटांच्या चिमटीत धरला. त्याच्या डोळ्यांसमोर ती काच आली, मुलीचा हसरा चेहरा आला. तिनेही असंच पास केलं होतं त्याला. मोटर खोटं बोलत नव्हती, पण तो मात्र बोलला होता.

“कशाला घेतलंस अंगावर?” त्याने मेहुण्याला विचारलं.

“मग काय करू? तुमचं नाव गेलं तर दुकानात उरतं काय? माझं पोट?”

“तू शिव्या खाल्ल्यास.”

“सवय आहे. इतकी वर्षं तुमच्याच खातोय.”

दुसऱ्या दिवशी मिस्त्री बायकोला घेऊन न बोलावता रुग्णालयात गेला आणि कान तपासायच्या खोलीपुढे उभा राहिला.

“काका, तुमचं तर झालंय,” मुलगी म्हणाली. “उत्तम होते की.”

“उत्तम नव्हते. मी तुमचं कोपर बघून दाबत होतो.”

मुलीचा चेहरा लाल झाला. तिला राग आला की शरम वाटली, कोण जाणे. मिस्त्रीच म्हणाला, “तुझी काही चूक नाही, पोरी. माझी मोटर मीच पास करून घेतली. परत घे.”

या वेळी त्याने आतलं स्टूल फिरवलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला. तरी समोरच्या पत्र्यावर तिची सावली हलताना दिसलीच. त्याने डोळे मिटले. हातात बटण. शीळ. घोंघाट. त्यांच्या मधे कुठेतरी एक तिसरा आवाज येणार होता आणि त्याला तो धरायचा होता. एक आला, दाबलं. आणखी एक आला, दाबलं. मग काही येईना. आता ती आवाज देत असेल का? की दिला, आणि येऊन गेला? अंगठा बटणावर होता. दाबावं का? त्याने अंगठा उचलला आणि बटण मांडीवर उताणं ठेवलं. बराच वेळ गेला. दार उघडलं तेही त्याला खांद्यावर हात पडला तेव्हाच कळलं.

डॉक्टरीणबाईंनी आलेख टेबलावर ठेवला. रेघ डावीकडून बरी चालत होती आणि मग जिन्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली होती.

“हे आधी कळलं असतं तर मी मागचं औषध दिलंच नसतं,” त्या म्हणाल्या. आवाज शांत, पण डोळे नाहीत. “वरचे, बारीक आवाज गेलेत. ते परत येतील असं मी सांगणार नाही. आहे ते राखायला बघू. औषध बदलायचं.”

“हलकं देणार?”

“हलकं कोण म्हणालं?”

मिस्त्रीने बायकोकडे बघितलं. बायकोने छताकडे बघितलं.

“माझ्या शेजारच्या खुर्चीतले. सोनार आहेत.”

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, हे त्याला बरं वाटलं. त्यांनी कागदावर मधे एक टिंब काढलं. “हे प्लॅटिनम. दोन्ही औषधांत हेच. फरक त्याला धरून ठेवणाऱ्यांत आहे. पहिल्यात ते पटकन सुटतं, दुसऱ्यात सावकाश. म्हणून कान आणि किडनी त्यातल्या त्यात वाचतात. त्याचे त्रास वेगळे, रक्त जपावं लागतं. तुमच्या आजाराला, आत्ता आहे त्या टप्प्यावर, मी ते बिनधास्त देईन.”

“खात्री आहे?”

“खात्री मला पहिल्याचीही देता येत नव्हती, काका. तुम्ही ती सोनाराकडून घेतलीत.”

पुढच्या वेळी पिशवी बदललेली होती. सोनाराने मान वाकडी करून नाव वाचलं आणि जीभ टाळ्याला लावून चकचक केलं.

“आलात शेवटी माझ्या रांगेत.”

“धातू तोच आहे,” मिस्त्री म्हणाला. “घडण निराळी.”

सोनार थोडा वेळ आपल्या पिशवीतून थेंब पडताना बघत राहिला. “घडण निराळी,” तो स्वतःशी म्हणाला. “असं सांगितलं असतं कोणी मला, तर इतके महिने मीही नीट झोपलो असतो.” आणि मग न राहवून, “पंपांचं काय आज? बेअरिंग?”

“सगळे शीळ घालतायत.”

“मग?”

“घालू देत.”

पण ते म्हणणं सोपं होतं. छातीचा पुढचा फोटो अजून व्हायचा होता आणि तो स्वच्छ निघेल की नाही हे कोणालाच माहीत नव्हतं. घरी गुडघा तसाच हलत राहिला. नळ उघडा राहायचा, बायको येऊन बंद करायची. थर्मामीटर वाजला की ती कुठूनही ओरडायची, “वाजला!” आणि तो काढायचा.

दुकानात गेल्यावर एका सकाळी त्याने स्क्रूड्रायव्हर मेहुण्याच्या हातात दिला. बाकड्यावर एक ब्लोअर फिरत होता.

“लाव कान.”

“मला नाही जमत भावोजी, माहीत आहे तुम्हाला.”

“लाव.”

मेहुण्याने चष्मा वर सरकवला, मूठ हाडाला टेकवली आणि शाळेत उभं केल्यासारखा ताठ राहिला. मिस्त्री त्याच्या तोंडाकडे डोळे फाडून बघत होता.

“काय येतंय?”

“आवाज येतोय.”

“अरे, आवाज येणारच! कसा? कुजबुज? खडा? लंगडतेय?”

“घरघर... म्हणजे, मधेच काहीतरी... नाही, गेलं. परत आलं. खडा असेल. किंवा नसेलही.” त्याने दीनवाणेपणाने वर बघितलं. “काय सांगू?”

मिस्त्रीने हात पुढे करून मोटरच्या अंगावर तळवा ठेवला, मग काढला. बोटांनाही हल्ली मुंग्या असायच्या. दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि मधे ब्लोअर फिरत राहिला. तो काय सांगतोय ते एकाला ऐकू येत नव्हतं आणि दुसऱ्याला कळत नव्हतं. मग मिस्त्रीने बटण बंद केलं.

“पाना आण,” तो म्हणाला. “उघडू आणि बघू.”